सात थेंब की अकरा: घरी मिसळलेल्या वेप लिक्विडचं एक प्रकरण

दोघे सख्खे भाऊ, दोघेही वेपमध्ये म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायचं लिक्विड घरी मिसळणारे. रेसिपी एकच, फ्लेवरच्या बाटल्याही सामायिक. तरी थोरल्याचं लिक्विड दर खेपेला त्याच चवीचं निघायचं आणि धाकट्याचं एकदा फक्कड, तर पुढच्या वेळी करपलेल्या मक्याच्या लाह्यांसारखं. त्यातून धाकटा काट्यावर तोलून मिसळणारा, थोरला सिरिंजवाला. "दादा मिलीच्या रेघा बघून ओततो आणि त्याचं जमतं. मी ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो आणि बिघडतं माझंच," अशी धाकट्याची तक्रार होती. माझा दिवस प्रयोगशाळेत काटे आणि पिपेट यांच्या संगतीत जातो, म्हणून हे भांडण माझ्या दारात आलं. मी स्वतः वेप करत नाही. दोघांनी सिगारेट सोडली होती आणि हे सोडायचा सध्या त्यांचा विचार नव्हता, त्यामुळे तो वाद मी बाजूला ठेवला.

रेसिपी ३० मिलीची होती. व्हीजी म्हणजे ग्लिसरीन ७० टक्के, उरलेलं पीजी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. निकोटीन मिलीला ३ मिलिग्रॅम, आणि ते मिलीला १०० मिलिग्रॅमच्या तीव्र द्रावणातून, म्हणजे बेसमधून यायचं, तेव्हा ०.९ मिली बेस. व्हॅनिला कस्टर्ड ५ टक्के, स्ट्रॉबेरी ४ टक्के, आणि शेवटी अर्धा टक्का ॲसिटिल पायरेझीन. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा. पीजीत विरघळवलेलं ५ टक्क्यांचं द्रावण असूनही ते जबरदस्त असतं. बेताने घातलं तर भाजक्या बिस्किटाचा खमंगपणा देतं, जरा जास्त झालं की सगळ्या बाटलीला मक्याचा वास येतो. तेव्हा लाह्यांची तक्रार ऐकताच पहिला संशय त्याच्यावर जायला हवा होता. माझा गेला नाही. मी तीन आठवडे भलतीकडेच शोधत बसलो, आणि तो भागही इथे लिहितो, कारण घरी मिसळणारे बहुतेक जण तिथेच अडकतात.

दोघांचे हात

थोरल्याची पद्धत आकारमानाची. मोठ्या सिरिंजने २१ मिली व्हीजी, मग पीजी, मग प्रत्येक फ्लेवरला एक मिलीची वेगळी सिरिंज. व्हीजी हे प्रकरण चिवट. खोलीच्या तापमानाला ते पीजीपेक्षा वीसएक पटीने घट्ट असतं, सुई बारीक असली तर ओढताना हात दुखतो आणि बुडबुडे शिरतात. थोरला बाटली कोमट पाण्यात ठेवायचा, सुई काढून ओढायचा, बुडबुडा वर येईपर्यंत थांबायचा. सवयीचा माणूस.

धाकट्याची पद्धत वजनाची. बाटली काट्यावर ठेवायची, टेअर दाबून शून्य करायचं, एक घटक ओतायचा, पुन्हा टेअर, पुढचा घटक. धुवायला सिरिंज नाही, बुडबुड्यांची कटकट नाही. फक्त मिलीचे ग्रॅम करून घ्यावे लागतात, कारण व्हीजीची घनता सुमारे १.२६ आणि पीजीची १.०४ आहे. नवशिका २१ मिलीच्या जागी २१ ग्रॅम व्हीजी ओततो आणि साडेसोळा मिलीच्या आसपास अडकतो. मग लिक्विड पातळ होतं आणि घसा खरवडतं. धाकट्याने ही चूक केलेली नव्हती. त्याचा कागद मी तपासला: व्हीजी २६.४८ ग्रॅम, पीजी ५.४४, निकोटीन बेस ०.९३, कस्टर्ड १.५६, स्ट्रॉबेरी १.२५, पायरेझीन ०.१६. बेरीज ३५.८२. आकडे चोख होते.

कागदावर वजनाची पद्धत सरस आहे, हे मला आजही मान्य आहे. तरी बिघाड तिच्याच बाटलीत होता.

मुरण्यावर ढकललेला दोष

धाकट्याचं स्वतःचं निदान तयार होतं: "दादाची बाटली तीन आठवडे मुरलेली असते, माझ्याच्याने तीन दिवसही थांबवत नाही." मुरवणं ही भोळी समजूत नाही. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की व्हॅनिलिन, बेंझाल्डिहाइड, सिनॅमाल्डिहाइड अशी फ्लेवरमधली अल्डिहाइडं साध्या खोलीच्या तापमानाला पीजीशी संयोग पावून ॲसिटल नावाची वेगळी संयुगं बनवतात. म्हणजे कस्टर्डची बाटली शेल्फावर नुसती पडलेली नसते, आत काम चालू असतं आणि चव खरोखर बदलते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मुरवण्याचं कौतुक करणारे फारशी सांगत नाहीत: ही ॲसिटलं वाफेत उतरतात, आणि श्वासमार्गात जळजळ ओळखणाऱ्या ग्राहींना मूळ अल्डिहाइडांपेक्षा जास्त चेतवू शकतात. गोडवा मुरला म्हणून लिक्विड सौम्य झालं असं होत नाही.

धाकटा मुरण्याची घाईही करायचा. बाटलीचं झाकण रात्रभर उघडं ठेवायचा, लिक्विडने 'श्वास घ्यावा' म्हणून. त्यातून इतकंच होतं की स्ट्रॉबेरीचा हलका, उडून जाणारा भाग उडून जातो आणि निकोटीनला हवा लागून रंग तपकिरी होतो. मी ते बंद करायला लावलं.

मग दोघांनी एकाच दिवशी, एकाच बाटल्यांतून, आपापल्या पद्धतीने ३० मिली केलं. झाकणं घट्ट लावून दोन्ही बाटल्या आठवडाभर अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. वय सारखं झालं. चवीतला फरक तसाच राहिला. मुरण्याचा मुद्दा निकालात निघाला.

निकोटीनची बाटली

पुढचा संशय निकोटीन बेसवर. बाटली जुनी होती आणि रंग चहासारखा झाला होता. रंगावरून ताकद ठरत नाही, हे सांगून दोघांनाही पटेना, म्हणून मापून टाकलं. निकोटीन अल्कधर्मी आहे, आम्लाने त्याचं अनुमापन करता येतं, म्हणजे किती आम्ल खपलं त्यावरून ते किती आहे हे कळतं. १०० मिलिग्रॅमच्या एक मिली बेसला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे ६.२ मिली लागायला हवं. ब्रोमोथायमॉल ब्लूचा निळा रंग पालटेपर्यंत आमचं ५.९ मिली गेलं. म्हणजे बेस जवळपास ९६ मिलिग्रॅमचा, चहाच्या रंगासकट ठणठणीत. (हा हिशेब साध्या निकोटीनला लागू. निकोटीन सॉल्टमध्ये आम्ल आधीच घातलेलं असतं, तिथे हे असं चालत नाही.)

इथे मला आवाज चढवावा लागला, कारण थोरला ती बाटली उघड्या हातांनी हाताळत होता. "थेंबभर लागलं तर काय होतं, दादा नेहमी पुसून घेतो," असं धाकट्यानेच सांगितलं. त्या बेसच्या एका मिलीत शंभर मिलिग्रॅम निकोटीन आहे आणि ते कातडीतून आत जातं. ६० मिलिग्रॅमला प्रौढ माणूस दगावतो हा पाठ्यपुस्तकी आकडा एकोणिसाव्या शतकातल्या कच्च्या प्रयोगांवरून चालत आला, असं बेर्न्ड मायर या औषधशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये दाखवलं. त्याचा अंदाज पोटात गेलेल्या अर्ध्या ते एक ग्रॅमचा आहे. पण हा दिलासा प्रौढांपुरता, आणि तोही मरणाबाबतचा. उलट्या, घाम, छातीत धडधड यांना फार कमी पुरतं, आणि लहान मुलाला तर एखादा घोटही पुष्कळ झाला. तेव्हापासून त्यांच्याकडे नायट्राइलचे हातमोजे आहेत, बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे आणि ती कुलपात असते. शिवाय ०.९ हा आकडा मोठ्याने वाचूनच सिरिंज उचलायची. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर तीनाचं लिक्विड तिसाचं होतं.

जिभेची परीक्षा

तिसऱ्या आठवड्यात मला वेगळीच शंका आली: फरक खरंच आहे का? कोणती बाटली कुणाची हे माहीत असताना चव घेणं म्हणजे निकाल लिहून मग खटला चालवणं. धाकट्याला आपली बाटली वाईट लागणार हे आधीच ठरलेलं असेल, तर जीभ इमानेइतबारे तेच सांगेल.

म्हणून त्रिकोण चाचणी घेतली. तीन बाटल्या, दोन एका मिश्रणाच्या, एक दुसऱ्याची. वेगळी कोणती ते ओळखायचं. बाटल्यांवर तीन आकडी क्रमांक, किल्ली माझ्या खिशात. या फेऱ्यांसाठी दोघांनी निकोटीनशिवाय नवं मिश्रण केलं. याची दोन कारणं होती. दर फेरीला तीन झुरके घेतले की सहाव्या फेरीपर्यंत डोकं गरगरतं. शिवाय निकोटीन घशाला जो ठोसा देतं, त्यावरूनच माणूस बाटली ओळखतो, चवीवरून नाही.

उपकरण एकच, कॉइल म्हणजे लिक्विड तापवणारी तार एकच, तिला लिक्विड पोचवणारा कापूस दर नमुन्याला नवा, आणि पॉवर ठरवून कमी ठेवलेली. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी हट्टी होतो. २०१५ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना ५ व्होल्टला वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली, ३.३ व्होल्टला नाही. इतक्या तापल्यावर लिक्विड करपतं आणि कुणी ते ओढत राहणार नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि त्यात तथ्य आहे. पण चाखणारा माणूस वेगळा असतो. तो 'पायरेझीन जास्त झालंय की कापूस कोरडा पडलाय' हे ठरवायला म्हणून करपलेला झुरकाही पुन्हा घेऊन पाहतो.

दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी प्यायचं, आणि नाक थकलं की आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. ही अत्तरवाल्यांची युक्ती. कस्टर्डसारख्या जड वासाने नाक लवकर बधिर होतं, म्हणून दिवसाला दोनच फेऱ्या.

सहा फेऱ्यांत धाकट्याने पाच वेळा वेगळी बाटली अचूक ओळखली. नुसत्या अंदाजाने सहापैकी पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. थोरल्याला चार जमल्या आणि त्यालाही विजयी वाटत होतं, पण चार किंवा जास्त अंदाजानेही दहा टक्के वेळा येतात, तेव्हा त्याचं बक्षीस मी रोखून धरलं. धाकट्याचा निकाल मात्र पक्का होता. फरक बाटलीत होता, मनात नाही. शिवाय निकोटीन नसलेल्या मिश्रणातही तो होता, म्हणजे अनुमापनावर घालवलेली माझी संध्याकाळ वाया गेलेली होती.

थेंब

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. खुर्ची ओढली आणि धाकट्याचे हात बघत बसलो.

स्ट्रॉबेरी झाली. त्याने टेअर दाबलं, काट्यावर ०.०० आलं. पायरेझीनची निमुळत्या तोंडाची बाटली उलटी धरून त्याने एक थेंब सोडला आणि आकडा बदलण्याची वाट पाहिली. ०.००. दुसरा थेंब. आकडा क्षणभर ०.०२ वर जाऊन पुन्हा शून्यावर आला. तिसरा. ०.००. चौथ्याला कुठे ०.०१ आणि पाचव्याला ०.०३. तिथून पुढे काटा शहाण्यासारखा चालला. ०.१६ दिसलं तेव्हा त्याने बाटली सरळ केली. मी मनात मोजत होतो: अकरा.

त्या बाटलीतून पडणारे अकरा थेंब मी प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलले. ०.२५ ग्रॅम भरले. एक थेंब साधारण ०.०२३, म्हणजे ०.१६ साठी सातच पुरेत.

बरेच स्वस्त काटे शून्याजवळ असताना स्वतःला सतत शून्यावर आणत राहतात. हवेची झुळूक, तापमान, ताटलीवरची धूळ यांनी आकडा भरकटू नये म्हणून ही सोय केलेली असते. काट्याच्या लेखी हळूहळू वाढणारं दोन शतांश ग्रॅम वजन म्हणजे भरकटणंच. तो ते गिळतो आणि पुन्हा ०.०० दाखवतो. जितकं सावकाश आणि सांभाळून थेंब सोडाल, तितके जास्त गिळले जातात. एखाद्या दिवशी धाकटा घाईत असला की थेंब भराभर पडायचे, काटा जागा व्हायचा आणि बाटली फक्कड व्हायची. निवांत बसून, मन लावून केलेली बाटली मात्र लाह्यांसारखी. बिचाऱ्याला वाटायचं आपण पुरेसं लक्ष देत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी हळू सोडायचा.

त्याला पटावं म्हणून एक साधा प्रयोग केला. तीच रिकामी बाटली, पण टेअर न दाबता ताटलीवर. काटा बाटलीचं वजन दाखवत होता, शून्यापासून दूर. त्याच गतीने अकरा थेंब. आकडा बरोबर ०.२५ ने वाढला.

"म्हणजे इतके दिवस काटाच खोटं बोलत होता?" धाकटा म्हणाला.

"अरे, तू दर वेळी टेअर दाबून त्याला झोपवत होतास," थोरला म्हणाला. हे निदान माझ्यापेक्षा त्याने सोप्या शब्दांत मांडलं.

थोरल्याची सिरिंज

थोरला आता खुशीत होता, म्हणून त्याचेही हात बघितले. एक मिलीच्या सिरिंजने त्याने पायरेझीन नेमकं ०.१५ मिली घेतलं, बाटलीत ढकललं, आणि मग सुई लिक्विडमध्ये बुडवून दोनदा आत ओढून बाहेर सोडलं. "आत काही राहायला नको," हे त्याचं कारण. पण सिरिंजच्या रेघा सुईच्या बुडात आणि टोकात भरून राहिलेलं धरतच नाहीत. ते तिथेच राहील हे गृहीत धरून रेघा आखलेल्या असतात. धुऊन घेतलं की तेही बाटलीत जातं. सिरिंज आधी आणि नंतर तोलून पाहिली: दर वेळी सुमारे ०.०७ मिली जादा. म्हणजे ०.१५ च्या जागी ०.२२.

गंमत बघा, दोघेही रेसिपीपेक्षा जास्तच पायरेझीन घालत होते. थोरल्याची चूक ठरलेली होती, सुईच्या बुडाएवढी, रोज तेवढीच. त्याला ती चव म्हणजेच रेसिपी वाटत होती. धाकट्याची चूक त्याच्या मनःस्थितीप्रमाणे बदलायची. पाच टक्क्यांच्या कस्टर्डमध्ये अशी चूक कुणाला कळलीही नसती, कारण दीड मिलीत सात शतांश म्हणजे काहीच नाही. अर्ध्या टक्क्याच्या घटकात तीच चूक निम्म्याने वाढ करते. पद्धत मिलीची की ग्रॅमची यावर माणसं हिरिरीने भांडतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न हा, की तुमच्या रेसिपीतला सर्वांत छोटा घटक तुमचं साधन मोजू शकतं का.

उपाय प्रयोगशाळेत रोजचा आहे. एक मिली पायरेझीन नऊ मिली पीजीत मिसळून वेगळी बाटली करून ठेवली. आता ०.१५ च्या जागी १.५ मिली घ्यायचं आणि रेसिपीतलं पीजी ५.२५ वरून ३.९ मिलीवर आणायचं. दोन थेंब इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. धाकटा आता सगळे घटक एकाच चढत्या बेरजेवर तोलतो, सुरुवातीला एकदाच टेअर आणि व्हीजी सर्वांत आधी, म्हणजे काटा शून्यापासून लांब राहतो. एखादं जास्त पडलं तर परत काढता येत नाही, हा त्यातला तोटा त्याने पत्करला. थोरल्याने धुणं सोडलं.

चवीत न सापडणारं

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. पायरेझीनला हे लोक 'एपी' म्हणतात, आणि ॲसिटिल प्रोपिओनिललाही 'एपी'च म्हणतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. दुसरं डायॲसिटिलच्या कुळातलं, लोण्याचा वास देणारं. २००० साली अमेरिकेत मिसुरीमधल्या जॅस्पर इथल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न कारखान्यातल्या माजी कामगारांमध्ये बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसून टाकणारा आजार सापडला, तो डायॲसिटिलच्या वाफेशी जोडला गेला. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवरची वेप उत्पादनं तपासली. ३९ मध्ये डायॲसिटिल होतं, आणि ते, ॲसिटिल प्रोपिओनिल किंवा त्यांच्याच कुळातलं ॲसिटॉइन यांपैकी एक तरी ४७ मध्ये.

"लोण्याचा वास येत नाही, म्हणजे नसेल," असं थोरल्याचं म्हणणं. व्हॅनिला आणि स्ट्रॉबेरीच्या खाली तो वास सहज दबतो. शिवाय डायॲसिटिल नको म्हणून काही फ्लेवरवाले ॲसिटॉइन घालतात, आणि ते बाटलीत राहून काही अंशी डायॲसिटिलमध्ये बदलतं. इथे मुरवणं उलटं पडतं. हे शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र लागतं, कोपराचा वास घेऊन भागत नाही. फ्लेवर खाण्यायोग्य आहे हा शिक्का पोटासाठी असतो, फुप्फुसासाठी नाही. तेलाचंही तेच. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या दुखापतीची जी साथ आली, ती मुख्यतः गांजातल्या टीएचसीच्या वेपमध्ये घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडली गेली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. हा पदार्थ त्वचेला लावायच्या क्रीममध्ये बिनबोभाट वापरला जातो. तेलातला कोणताही अर्क बाटलीजवळ आणायचा नाही, हे दोघांनी लगेच मान्य केलं. कस्टर्डच्या फ्लेवरवाल्याकडून तपासणीचा अहवाल मागवायचंही ठरलं. जो आला त्यात डायॲसिटिलच्या पुढे आकडा होता, ॲसिटॉइनचा रकानाच नव्हता. धाकट्याने ती बाटली वापरणं थांबवलं. थोरला अजून वापरतो.

त्याआधी शेवटची त्रिकोण चाचणी झाली होती, दोघांच्या सुधारलेल्या पद्धतीने केलेल्या बाटल्यांवर. धाकट्याने सहापैकी दोन ओळखल्या, डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी इतक्याच येतात. बाटल्या एकसारख्या झाल्या होत्या.

थोरल्याने त्या दिवशी दोन झुरके घेतले आणि तोंड वाकडं केलं. "हे काहीतरी अळणी झालंय," म्हणाला. पेन मागितलं, कागदावरचा ०.५ खोडला आणि तिथे ०.७५ लिहिलं.